रायगडचा ठिपका

माझा बर्फाचा कारखाना दिघीला आहे, जेट्टीच्या अगदी तोंडाशी. मी मूळचा इथला नाही. माझे आईबाप पेणकडच्या मिठागरात राबले. मी तिथून निघालो आणि गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या सायकलला बांधून, एकेक बंदर करत खाली सरकत इथवर आलो. आज खाडीच्या दोन्ही काठांवरच्या होड्या माझा बर्फ घेऊन समुद्रात जातात. गिऱ्हाईक भावावर जितका वेळ घालवेल तितका माझा माल वितळतो, म्हणून मी लवकर बोलतो आणि मोठ्यानं बोलतो. लोक मला तापट म्हणतात. म्हणोत. पण मी दिलेला शब्द फिरवला असं या खाडीत कुणी म्हणणार नाही. एका शब्दापायीच मला एका कामातून काढून टाकलं गेलं, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

ते काम युद्धाविरुद्धचं होतं. बर्फवाल्याचा युद्धाशी काय संबंध, असं पुष्कळांनी विचारलं. माझा मुलगा आखातात एका बंदरावर क्रेन चालवतो. त्या बाजूला लढाई पेटली तेव्हापासून आमचं बोलणं चालू असताना मध्येच भोंगा वाजायचा आणि तो म्हणायचा, "बाबा, ठेवतो, खाली जायचंय." खाली म्हणजे तळघरात. मग फोन बंद. त्याची आई जाऊन बरीच वर्षं झालीत. घरात मी आणि टीव्ही. टीव्हीवर कोट घातलेले लोक ओरडत असत, कुणी कुणाला कसा धडा शिकवला ते सांगत, आणि नकाशावर आगीचे गोळे उडवत. त्या नकाशात माझ्या मुलाचं बंदर नेमकं कुठे आहे ते मी उठून बोटानं शोधायचो. काच गरम लागायची.

अशात एक दिवस एक बाई कारखान्यात आली. पस्तिशीची असेल. मुंबईहून मांडव्यापर्यंत बोटीनं, तिथून गाडीनं आगरदांड्याला आणि मग फेरीनं खाडी ओलांडून इकडे. फेरीच्या तिकिटवाल्यानं तिला माझ्याकडे धाडलं होतं. देशभरातले बरेच गट मिळून युद्धाविरुद्ध एक दिवस ठरवत होते. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता जागोजागी माणसं उभी राहणार होती. आमच्या किनाऱ्याचं काम तिच्याकडे होतं, आणि किनाऱ्यावर तिला कुणी ओळखत नव्हतं.

तिनं भाषणाला सुरुवात केली. मी म्हटलं, "ताई, भाषण राहू द्या. माझ्याकडून काय पाहिजे ते बोला."

"माणसं."

"किती?"

"जमतील तितकी."

"असा सौदा नसतो. जमतील तितकी म्हणजे किती?"

ती हसली. "काका, मग आकडा तुम्हीच सांगा."

माझ्याकडे आजवर लोक भाव पाडायला आले होते, भांडायला आले होते. माणसं मागायला कुणी आलं नव्हतं. मी आकडा सांगितला नाही, पण हो म्हटलं.

त्यानंतर दर आठवड्याला फोनवर मीटिंग होऊ लागली. पडद्यावर लहान लहान चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एक तोंड. कुणी पहाडातलं, कुणी केरळातलं, कुणी दिल्लीतलं. नावं लक्षात राहत नसत म्हणून जागेच्याच नावानं हाक मारायचे. "रायगड, आपका अपडेट?" असं विचारलं की मी सावरून बसायचो. त्या मीटिंगसाठी मी इस्त्रीचा शर्ट घालू लागलो होतो, जो मी लग्नकार्यालाही टाळतो. माझं हिंदी बाजारातलं. पण कुणी हसलं नाही. मी काय सांगतो ते लिहून घेत. शेवटी सगळे हात हलवत आणि एकेक चौकोन विझत जाई. मी मुद्दाम शेवटपर्यंत थांबायचो. मग पडदा काळा व्हायचा आणि स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर ऐकू यायची.

बेत असा होता. सगळीकडे एकच कापड, एकच घोषणा, एकच वेळ. प्रत्येक ठिकाणाहून फोटो पाठवायचा. फोटो पोचला की देशाच्या एका मोठ्या नकाशावर तिथं ठिपका उमटणार. आमच्या किनाऱ्यावर तीन ठिपके ठरले, मांडवा, काशीद आणि दिघी. पहिले दोन तिनं स्वतःकडे ठेवले. दिघी माझी.

मी हे मुलाला मोठ्या हौसेनं सांगितलं.

"बाबा, डोकं फिरलंय का तुमचं?"

"का रे?"

"इथं सगळं बघतात. कुठं कुणाचा फोटो आला, कोण कुणाचा बाप, सगळं. उद्या मला ऑफिसात बोलावून विचारलं तर काय सांगू? एका दिवसात सामान बांधायला लावतात."

"अरे, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी काही करू नका. घरी बसा."

मी चिडून फोन ठेवला. चिडलो होतो खरा, पण त्याचं म्हणणं माझ्या डोक्यात बसलं होतं. दिघीत घराआड एक माणूस तिकडे आहे. ज्या घरांना त्या लढाईचा सगळ्यांत जास्त घोर, त्याच घरांना तोंड दाखवायची सोय नव्हती. जेट्टीवर माणसं उभी राहतील की नाही, हे सगळं या एका गोष्टीवर अडणार होतं. एकही चेहरा बाहेर जाता कामा नये.

पहिल्यांदा चाचांकडे गेलो. चाचांचा जन्म जहाजांवर गेला, आता ते गावात जमातीचं बघतात. त्यांच्या शब्दाला वजन आहे. ओटीवर चहा आला.

"चाचा, पाच वाजता जेट्टीवर उभं राहायचं. एवढंच."

"हातात काय?"

"एक कापड. त्यावर लिहिलेलं, युद्ध नको."

"कापड नको."

"बरं, नको. घोषणा?"

"घोषणा तर मुळीच नको." चाचांनी कप खाली ठेवला. "तू ओरडलास तर लोक म्हणतील, बर्फवाला ओरडला. आमच्यातला कुणी ओरडला तर विचारतील, हा कुणाच्या बाजूचा. तुला जी सवलत आहे ती आम्हाला नाही रे बाबा."

यावर घासाघीस करण्यासारखं काही नव्हतं. मी मान हलवली.

"आणि फोटो एकही नको. माझे दोघे तिकडे आहेत. तुझाही आहे."

"फोटो नाही. शब्द."

"हात दे."

मी हात दिला. आमच्याकडे सौदा हातावर हात मारून पक्का होतो. चाचांनी हात सोडला नाही, धरून ठेवला आणि म्हणाले, "कोळी येत असतील तरच आम्ही. एकटे नाही."

मग फेरीनं पलीकडे गेलो. तिथला नाखवा म्हणजे एका होडीचा मालक, पण दहा होड्या त्याचं ऐकतात. तो चारपाच जणांबरोबर जाळं शिवत बसला होता.

"झेंडा कुनाचा हाय?" त्यानं विचारलं.

"कुणाचाच नाही."

"मंग बोलावतंय कोन?"

"मी."

"तू?" त्यानं बाकीच्यांकडे बघितलं. "अर्धी वितळलेली लादी पुरी म्हनून लावतोस आमाला. तुज्या सांगन्यावर आमी लढाई थांबवायची व्हय?"

सगळे खदखदून हसले. माझं डोकं तापलं, पण मी आवाज चढवला नाही. "लढाई थांबव म्हटलंय का मी? दहा मिनिटं तोंड बंद ठेव म्हटलंय. तुला तेवढं जमतं का ते आधी बायकोला विचार."

आता ते त्याला हसले. तोही हसला आणि मग सुई थांबवून हळू आवाजात म्हणाला, "भाचा तेलाच्या जहाजावर हाय. बहीन रोज फोन करतेय, रोज रडतेय. पन मोरच्यात मी न्हाय येनार. जेट्टीवर काय काम निघालं तर येईन."

"मग काम काढ."

"चाचाची मानसं येतील?"

"तुम्ही आलात तर."

"आमी येऊ, ते आले तर."

या दोन वाक्यांच्या मध्ये मी चार फेऱ्या मारल्या. फेरीचा तिकिटवाला म्हणाला, "शेठ, पास काढा." पण वाट सापडली ती त्या नाखव्याच्या बोलण्यातूनच. आमच्या जेट्टीवर माणूस रिकामा उभा दिसला की पहिला भेटणारा विचारतो, काय काम काढलं? उत्तर नसलं तर संध्याकाळपर्यंत गावात चर्चा. तेव्हा प्रत्येकानं आपापलं काम घेऊन यायचं. जाळं शिवायचं असेल तर जाळं, फेरीनं पलीकडे जायचं असेल तर पिशवी. कोळणींनी टोपल्या आणायच्या. पाचला हातातलं काम थांबवायचं, दहा मिनिटं गप्प राहायचं, आणि पुन्हा कामाला लागायचं. नंतर कुणी विचारलंच तर प्रत्येकाकडे खरं उत्तर असेल. मी तर कामासाठी आलो होतो.

मी आयुष्यभर भाव केले, पण इतका खाली उतरवलेला सौदा माझ्या हातून झाला नव्हता. कापड गेलं, घोषणा गेली, फोटो गेला, नावं गेली. त्याच्या खाली काही उरलं नव्हतं, आणि तो दोन्ही काठांना मान्य होता. मला त्याचा अभिमान वाटला.

मी ताईला फोन करून सांगितलं.

"काका," ती म्हणाली, "मग उरलं काय?"

"माणसं उरली."

"पण ती होती हे मी वरती दाखवू कसं?"

"माझ्या शब्दावर."

मग म्हणाली, "बघते."

माझ्या धंद्यात 'बघते' म्हणजे नाही. पण ती धंद्यातली नव्हती, शिकलेली, चळवळीतली बाई होती, म्हणून मी ते हो धरलं.

त्या दिवशी साडेचारपासून मी जेट्टीवर बर्फाची एक पेटी घेऊन उभा होतो. माझंही काम हवं ना. पहिल्यांदा कुणीच दिसेना. मग होडीतून नाखवा आणि त्याची माणसं उतरली, खांद्यावर जाळं. माझ्याकडे न बघता धक्क्याच्या कडेला पसरून बसली. मागून कोळणी, टोपल्या घेऊन. मग गल्लीतून चाचा आले, हातात कापडी पिशवी, फेरीला जाणाऱ्या माणसासारखे. त्यांच्यामागे एकेक, दोघे दोघे, पुरुष, नंतर बुरख्यातल्या बायका, कडेवर मुलं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तिकिटवाला खिडकीतून डोकं काढून बघत राहिला. त्याला वाटलं फेरीला एवढी गर्दी कशी, आणि तिकीट तर कुणी काढत नाही.

मांडवा आणि काशीद बरोबरच्या मुलांवर सोपवून ताई पावणेपाचच्या फेरीनं आली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बघा." ती बघत राहिली. तिचे डोळे भरले, हे मी खोटं सांगणार नाही.

पाच वाजले. नाखव्याची सुई थांबली. चाचांनी पिशवी पायाशी ठेवली. मासे कापणाऱ्या बाईनं कोयता फळीवर आडवा केला. कसली खूण नाही, हाक नाही, एकेक हात थांबत गेला आणि सगळी जेट्टी थांबली. फेरीवाल्यानं आपण होऊन इंजिन बंद केलं. ते मी त्याच्याकडे मागितलंही नव्हतं. धक्क्याच्या खांबांवर पाणी आपटत होतं आणि माझ्या पेटीतून टपटप थेंब पडत होते, तेवढाच आवाज. एक लहान मूल काहीतरी बोलायला गेलं, त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला नाही, नुसतं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या माणसांत मी पहिल्यांदाच गप्प उभा होतो. मुलाचा विचार करत होतो आणि माझ्याभोवती प्रत्येकजण आपापल्या माणसाचा करत होता. त्या मिनिटांत मी एकटा नव्हतो.

तेवढ्यात माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात ताईचा हात वर झाला. हातात फोन.

मी ओरडलो. "फोन खाली!"

सगळी जेट्टी वळली.

"काका, फक्त पाठीमागून," ती दबक्या आवाजात म्हणाली. "चेहरे येणार नाहीत. एकच."

"खाली म्हणतो ना!"

तिचा हात खाली येईना. मी तो फोन हिसकला आणि बर्फाच्या पेटीत टाकून वर झाकण लावलं.

झालं. जे इतक्या फेऱ्या मारून जमवलं होतं ते माझ्याच गळ्यानं मोडलं. कोयता पुन्हा फळीवर वाजू लागला. कोळणीनं हाळी दिली, "घ्या बोंबील, ताजे बोंबील!" इंजिन सुरू झालं. नाखवा जाळ्यावरून मान न उचलता म्हणाला, "शेठनी फोन बर्फात ठेवला. दोन दिस तरी ताजा ऱ्हाईल." दोघेतिघे हसले. चाचा पिशवी उचलून फेरीकडे चालू लागले. जवळून जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही ते मला कळलं नाही.

मी फोन काढून तिला दिला. ती ओढणीनं पुसत होती. मी म्हटलं, "काढला का? दाखवा." तिनं दाखवला. एक निघाला होता, त्यात माझा पंजाच पंजा. तिनं तो माझ्यासमोर पुसून टाकला.

"तुम्हाला काय वाटतं," ती म्हणाली, "मला ह्यांची काळजी नाही? पण फोटो नसला की तिथं कुणी विचारत नाही, काका. मीही गावोगाव फिरलेय. माझ्या कामाचंही काही उरत नाही मग."

"तुम्ही बघते म्हणालात."

"हो. बघते म्हणाले. करणार नाही असं नव्हते म्हणाले."

ती चाचांच्याच फेरीनं गेली. फेरी खाडीच्या मध्यावर जाईपर्यंत मी दोघांच्याही पाठी बघत होतो. ती पुढच्या टोकाला उभी, चाचा मागच्या.

दोन दिवसांनी नकाशा आला. मांडव्याला ठिपका होता. तिथल्या फोटोत मुंबईच्या कॅटमरान बोटीची वाट बघणारे प्रवासी कापड धरून हसत होते. काशीदलाही होता. वाळूत ओळीनं उभे केलेले सुट्टीचे पाहुणे, एकाच्या हातात नारळपाणी. दिघीला काही नव्हतं, नुसता निळा समुद्र.

मी तिला फोन लावला आणि भावावर भांडतो तसा भांडलो. काशीदच्या पाहुण्यांचं कोण तिकडे आहे? त्यांच्यातल्या कुणाला भोंगा ऐकू येतो? ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "काका, खरं सांगू? मी दिघी लिहिलं होतं. वरून काढलं. पुरावा नाही म्हणाले."

"पुरावा मी आहे!"

"आवाज खाली ठेवा, प्लीज."

मी ठेवला नाही. पुढच्या आठवड्यात मीटिंगची लिंक आली नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून वाट बघत बसलो होतो. मग लक्षात आलं, ग्रुपमधूनही मला काढलं होतं.

मला फक्त एवढंच हवं होतं की कुणीतरी म्हणावं, ते झालं होतं. मी चाचांकडे गेलो. चहा आला. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, "चाचा, त्या दिवशी तुम्ही सगळे आलात, त्याबद्दल..."

"कोणत्या दिवशी?"

"जेट्टीवर हो."

"मी तर फेरीला आलो होतो," चाचा म्हणाले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "आगरदांड्याला काम होतं."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते बशीत चहा ओतत होते. खाडी ओलांडून नाखव्याकडे गेलो. तो म्हणाला, "जाळं शिवत व्हतो. दुसरं काय?" मी म्हटलं, "अरे, इथं दुसरं कुणी नाही, तू आणि मीच." तो म्हणाला, "म्हनून तर सांगतोय, जाळं शिवत व्हतो." आणि माझ्या कालच्या लादीला भेग होती म्हणून भाव कमी कर म्हणाला. मी कमी केला नाही. भेग नव्हती.

त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. सौदा मीच ठरवला होता आणि ते तो पाळत होते, माझ्यापेक्षाही पक्का. मला फक्त एवढं सुचलं नव्हतं की तो माझ्याशीही पाळला जाईल.

शुक्रवारी मुलाचा फोन आला. तिकडे त्याला शुक्रवारी सुट्टी असते. आधी जेवण झालं का, पाऊसपाणी काय, कारखान्याचं वीजबिल. भोंगा वाजला नाही. मग त्यानं विचारलं, "बाबा, ते तुमचं जेट्टीवरचं? झालं का?"

मी खिडकीतून जेट्टीकडे बघितलं. फेरी लागत होती. लोक चढत होते, उतरत होते.

"नाही रे," मी म्हटलं. "इकडे काही झालं नाही."

"फोटोबिटो कुठे आला नाही ना?"

"काही झालंच नाही तर फोटो कसला?"

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्यानं सोडलेला श्वास मला इथपर्यंत ऐकू आला.